सेकंडहँड फ्लॅट्स बोट घेताय? सकाळच्या गोड पाण्यावर जाऊ नका

माझी पहिली बोट मी रविवारी सकाळी साडेसातला बघितली. पूर्ण भरती, वाशीची खाडी आरशासारखी, वारा शून्य. १६ फुटी पांढरी फायबरची बोट, मागे उभं राहायला छोटा प्लॅटफॉर्म, रॉड होल्डर, सगळं चकाचक. मालकाने ॲक्सिलरेटर दाबला आणि बोट अशी सरकली की मी तिथेच टोकन दिलं. तिसऱ्या आठवड्यात मित्राला घेऊन तुर्भ्याच्या, म्हणजे चेंबूरच्या बाजूच्या ट्रॉम्बेच्या पुढे गेलो आणि दुपारी चारला परत फिरलो तेव्हा कळलं की आपण काय घेतलंय. दोन फुटाच्या लाटा पण नव्हत्या, तरी प्रत्येक लाटेवर बोट ओट्यावर परात आपटावी तशी आपटत होती, मित्र पुढे बसलेला तो नंतर चार दिवस कमरेला पट्टा लावून ऑफिसला गेला. त्याच्या बायकोने अजून मला माफ केलेलं नाही.

ती बोट विकली (नुकसानीत), दीड वर्ष बोटी बघत फिरलो, आणि दुसरी घेताना बेलापूरजवळच्या दिवाळे गावातल्या एका कोळी काकांना सोबत नेलं. पहिल्या बोटीची गोष्ट सांगितली तेव्हा ते एवढंच म्हणाले, "बाला, सकालचं पानी सगल्यांनाच गोर लागतं. दुपारच्याला बग." पुढे जे लिहिलंय त्यातलं अर्धं त्यांच्याकडून शिकलेलं, अर्धं स्वतःच्या खिशातून.

१. आधी स्वतःचं पाणी ठरवा, मग बोट

फ्लॅट्स बोट ही मुळात अमेरिकेतल्या फ्लोरिडा कीज भागातली कल्पना. तिथे मैलोन्‌मैल गुडघाभर ते कमरेएवढं स्वच्छ पाणी असतं, इंजिन बंद करून लांब काठीने बोट ढकलत बोनफिशच्या मागे जायचं, म्हणून बोट हलकी, काठ बुटके आणि तळ जवळपास सपाट. चांगली फ्लॅट्स बोट ६ ते १० इंच पाण्यात तरंगते. आपल्या ठाणे खाडीत वरवर बघितलं तर हेच हवं असं वाटतं, कारण ओहोटीला चिखलाचे पट्टे उघडे पडतात आणि जिताडा, बोय वगैरे भरतीच्या पाण्याबरोबर तिवरांच्या कडेला येतात.

पण गंमत अशी की तुम्ही तिवरांच्या कडेला किती वेळ असता आणि मोकळ्या पाण्यात किती वेळ, हे प्रामाणिकपणे मोजा. ऐरोली-वाशीच्या मधे खाडी त्यामानाने आडोशाची आहे, पण वाशी पूल ओलांडून खाली आलात की पाणी रुंद होत जातं, आणि ट्रॉम्बेच्या पुढे म्हणजे हार्बरच, तिथे मोठ्या जहाजांच्या लाटा वेगळ्याच. मी पहिल्यांदा स्वतःला सांगितलं होतं की "मी खाडीतच फिरणार". कोणीच खाडीतच फिरत नाही. घारापुरी समोर दिसली की हात तिकडे वळतोच.

आणि हे पण लक्षात ठेवा की ऐरोली ते वाशी पुलाच्या मधला पश्चिमेकडचा भाग २०१५ पासून फ्लेमिंगो अभयारण्य आहे, २०२२ मध्ये रामसरच्या, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या, यादीत पण गेलं. तिथे मनाला येईल तशी बोट घालायची नाही. ट्रॉम्बेला अणुसंशोधन केंद्राची किनारपट्टी आणि जवाहर द्वीपचं तेल टर्मिनल, यांच्यापासूनही लांबच राहायचं. म्हणजे तुमचं "उथळ पाणी" नकाशावर दिसतं त्यापेक्षा बरंच कमी आहे.

२. तळाचा कोन समजून घ्या, बाकी सगळी सजावट

बोटीच्या मागे उभे राहा आणि खाली वाकून तळ बघा. मधल्या कण्यापासून दोन्ही बाजूंना तळ किती वर चढत जातो, तो कोन म्हणजे डेडराइज. खऱ्या फ्लॅट्स बोटीला मागच्या टोकाला हा साधारण ८ ते १३ अंश असतो, बे बोट म्हणतात तिला १४ ते १७, आणि खोल समुद्राच्या डीप-व्ही बोटीला २० च्या वर. कोन जास्त तर लाट कापली जाते, कमी तर लाटेवर आपटते, पण कोन वाढला की बोट जास्त बुडते, जास्त पेट्रोल खाते आणि उभी असताना जास्त हलते. फुकट काही मिळत नाही.

मोबाईलमधलं लेव्हलचं ॲप घ्या, एक सरळ पट्टी कण्यापासून कडेपर्यंत तळाला आडवी लावा, तिच्यावर मोबाईल ठेवा, कोन मिळाला. बोट ट्रेलरवर आडवी एकसारखी उभी आहे ना ते आधी बघा, आणि दोन्ही बाजूंचा कोन घेऊन सरासरी काढा. माझी पहिली बोट ५ अंश निघाली. विकायच्या दिवशी मोजला, आधी मोजला असता तर हा लेख लिहायची वेळ आली नसती.

नुसता मागचा कोन बघून पण थांबू नका. लाटेला आधी भिडते ती नाळ, म्हणजे बोटीचं पुढचं टोक. नाळ धारदार असेल आणि ती धार बोटीच्या मधापर्यंत टिकत असेल तर मागे ११-१२ अंश असूनही बोट बरी चालते. काही बोटींची नाळ फोटोत छान टोकदार दिसते पण दोन फूट मागे गेलं की लगेच सपाट, त्या बोटी दगा देतात. रुंदी पण बघा. आपल्या कोळ्यांची फायबरची होडी बघा, लांब आणि बारीक, कोनबिन कोणी मोजलेला नाही, पण बेताच्या स्पीडला पाणी कशी चिरत जाते. आठ फूट रुंद सपाट बोटीला ते जमत नाही, तिला आपटायला जागाच जास्त.

३. जमिनीवरची तपासणी

सोबत न्यायचं सामान: रबरी हातोडा, गवंड्याची ॲल्युमिनियमची सरळ पट्टी (६ फुटी तरी), टॉर्च, स्पार्क प्लग पाना, कॉम्प्रेशन गेज, मोठा स्क्रूड्रायव्हर, जुने कपडे. आणि शक्य असेल तर एक माणूस ज्याला ही बोट आवडलेली नाही. हे शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं.

ट्रान्सम म्हणजे इंजिन लागतं ती मागची भिंत. जुन्या बोटींमध्ये फायबरच्या आत प्लायवूड असतं आणि बोल्टच्या भोकातून पाणी शिरून ते कुजतं. नारळ वाजवून बघतो तसं हातोड्याने वाजवत जा. टणटणीत आवाज म्हणजे ठीक, भद्द आवाज आला की तिथे गडबड. मग इंजिन टिल्ट करून त्याचा खालचा भाग धरा आणि वर-खाली जोर द्या, ट्रान्सम हलताना दिसली किंवा बोल्टच्या आजूबाजूने पाणी झिरपलं तर भाव करायला पण बसू नका. ट्रान्सम नवी करणं म्हणजे मागची अर्धी बोट उघडणं.

आता गवंड्याची पट्टी. कण्याच्या बाजूने मागच्या पाच-सहा फुटात तळाला लांबीने लावा. तळ सरळ हवा. पट्टी आणि तळ यांच्या मधे पोकळी दिसली, म्हणजे तळ आत दबलेला असेल, तर याला हुक म्हणतात, ट्रेलरच्या चुकीच्या आधारावर वर्षानुवर्षं उभी राहिली की होतं. अशी बोट पळताना नाळ खाली दाबते आणि लाटेत नाक खुपसते. उलट तळ बाहेर फुगलेला असेल तर बोट सपाट पाण्यात पण डॉल्फिनसारखी उड्या मारत जाते. बघणारे हे क्वचितच तपासतात, विकणाऱ्याला पण बऱ्याचदा माहीत नसतं, तो बिचारा मनापासून सांगतो की "इंजिन ट्रिम केलं (म्हणजे त्याचा कल बदलला) की होतं नीट".

आणि वजन. डेकखाली फोम भरलेला असतो, तो वर्षांनुवर्षं ओला राहिला की स्पंजसारखा पाणी पितो. एक १७ फुटी बोट मला फार आवडली होती, डेक जरा नरम लागत होतं पण मालक म्हणाला मॅट नवीन आहे म्हणून. काकांनी ट्रेलरसकट तुर्भे एपीएमसीच्या बाजूच्या वजनकाट्यावर न्यायला लावली. ट्रेलर, इंजिन, टाकी सगळं वजा केलं तर मालकाने सांगितलेल्या वजनापेक्षा १८० किलो जास्त. काट्याचे ५-१० किलो इकडे-तिकडे सोडा, म्हणजे १७० लिटर पाणी ती बोट पोटात घेऊन फिरत होती. काट्याची पावती मी अजून जपून ठेवली आहे.

तळावर छोटे फोड आहेत का, हल (बोटीचं खालचं अंग) आणि डेक जिथे जुळतात ती शिवण सुटली आहे का, क्लीटच्या (दोर बांधायच्या खुंटीच्या) भोवती कोळ्याच्या जाळ्यासारखे तडे आहेत का, हे पण बघाच. वरवरच्या ओरखड्यांना घाबरू नका, ओरखडे उलट प्रामाणिक असतात. नुकताच ताजा पेंट मारलेल्या तळाला घाबरा.

४. इंजिन

यावर बरंच लिहिता येईल पण थोडक्यात. किमतीतला अर्ध्याहून जास्त भाग इंजिनाचाच असतो, त्यामुळे ते वेगळं आणि बोट वेगळी असा हिशेब करा.

फोनवरच सांगा की मी येईपर्यंत इंजिन चालू करू नका. पोचल्यावर कव्हरवर हात ठेवा, गरम असेल तर का ते विचारा. थंड इंजिन कसं चालू होतं तेच बघायचंय आपल्याला. सगळ्या सिलिंडरचं कॉम्प्रेशन घ्या, आकडा किती यापेक्षा एकमेकांशी जुळतो का ते महत्त्वाचं, १० टक्क्यांहून जास्त फरक असेल तर मेकॅनिकला विचारल्याशिवाय पुढे जाऊ नका. गिअरचं ऑइल खालच्या स्क्रूमधून थोडं काढा, चहासारखं दुधाळ असेल तर सील गेलंय, पाणी शिरतंय. पंखा काढून शाफ्टवर मासेमारीची तंगूस गुंडाळलेली आहे का बघा, सील कापणारी ती मुख्य चोर. इंजिन थंड करणाऱ्या पाण्याची धार जोरात आणि सलग यायला हवी.

आता पंपावर सगळीकडे २० टक्के इथेनॉलवालं पेट्रोल मिळतं आणि इथेनॉल हवेतला ओलावा ओढतं. सहा महिने उभ्या असलेल्या बोटीच्या टाकीतलं पेट्रोल बाटलीत काढा, थोडा वेळ ठेवा, खाली पाण्याचा वेगळा थर बसला तर टाकी, पाइप, कार्ब्युरेटर सगळं साफ करायचा खर्च धरा.

एक सापळा: जुन्या हलक्या बोटीवर नंतर लावलेलं फोर-स्ट्रोक. ४० एचपीमध्ये टू-स्ट्रोकपेक्षा फोर-स्ट्रोक २०-३० किलो जड असतं. कागदावर अपग्रेड, पाण्यात बोट मागे बसते, नाळ वर, आणि मग डेकचं पाणी जायची भोकं उलट पाणी आत घेतात. बोट पाण्यात बांधलेली असताना दोन माणसं मागे उभी करा आणि बघा पाय भिजतात का.

५. ट्रायलचा दिवस तुम्ही निवडा, मालक नाही

कांदेपोह्यांच्या कार्यक्रमात सगळे गोडच बोलतात, तशी सकाळी भरतीला प्रत्येक बोट चांगलीच चालते. तुम्हाला हवी दुपार, खारा वारा सुटलेला आणि ओहोटी लागलेली. पाणी बाहेर ओढतंय आणि वारा समोरून येतोय असं झालं की लाटा उभ्या आणि जवळजवळ होतात, आणि तशाच लाटा या छोट्या बोटींची परीक्षा घेतात. वारा पश्चिमेकडून किंवा नैऋत्येकडून असेल तर वाशी पुलाच्या खालच्या बाजूला हे छान (म्हणजे वाईट) जमून येतं.

दिवस काढायला कोकणातला जुना हिशेब वापरा: तिथीला पाऊणपट करा, भरतीची वेळ साधारण निघते. अष्टमीला आठाचे पाऊणपट सहा, म्हणजे सकाळ-संध्याकाळ सहाच्या सुमारास भरती आणि भर दुपारी चिखल. ट्रायलला निरुपयोगी. तृतीयेला सव्वादोन, चतुर्थीला तीन. म्हणजे तृतीया किंवा चतुर्थी धरा, दुपारी भरपूर पाणी मिळतं आणि तीननंतर ओहोटीची ओढ पण लागते, पुनव-अमावस्या नुकतीच गेलेली असल्याने ओढ चांगली जोरात असते. नक्की वेळ अपोलो बंदरच्या भरतीच्या तक्त्यात बघा, आत खाडीत ती थोडी उशिरा येते. कॅलेंडरवर तिथी बघून मालकाला वार सांगा, कारण सांगायची गरज नाही. मालक "दुपारी वारा असतो हो, सकाळी या" म्हणाला तर तुम्हाला उत्तर मिळालंच.

पण खरंच खराब हवा असेल, ढग, वादळी वारा, तर जाऊ नका. लाइफ जॅकेट सगळ्यांना, घालून, सीटखाली नाही. आणि परतीचं पाणी मोजा, ओहोटीत चिखलावर बसलात तर पुढची भरती येईपर्यंत तिथेच, उतरून चालायचा विचार पण करू नका, कमरेपर्यंत जाता.

६. लाटेत नेमकं काय बघायचं

पहिली गोष्ट, स्टिअरिंगवर बसू नका. चालवणाऱ्याला लाट दिसते, हातात आधार असतो, तो आधीच सावरतो. तुम्ही पुढे बसा, मग बाजू बदला. मालकाला त्याच्या नेहमीच्या स्पीडने चालवू द्या आणि गप्प बसा.

समोरून लाट घ्या. आपटणं दोन प्रकारचं असतं. एक "धप्प", बोट लाटेत उतरते आणि पाणी बाजूला जातं. दुसरं "फाट", हातोडा पडल्यासारखं, मणक्यातून डोक्यापर्यंत जातं आणि डेकवरचं सामान खुळखुळतं. फाट आवाज प्रत्येक तिसऱ्या-चौथ्या लाटेला येत असेल तर ती बोट तुमच्या पाण्याची नाही. मग इंजिन ट्रिम आत घेऊन नाळ खाली आणायला सांगा, ट्रिम टॅब (ट्रान्समच्या खाली लावलेल्या हलत्या पट्ट्या) असतील तर ते दाबा. चांगल्या बोटीत लगेच फरक पडतो कारण पुढची धार कामाला लागते. फरक पडलाच नाही तर पुढे धारच नाही.

आता स्पीड हळूहळू कमी करत जा, मोबाईलच्या जीपीएसवर बघत, आणि बोट पाण्यावर चढलेली राहून, म्हणजे तळावर घसरत, किती कमी स्पीडला चालते ते शोधा. माझ्या मते रफ पाण्यासाठी हा आकडा टॉप स्पीडपेक्षा शंभरपट महत्त्वाचा. ताशी २०-२२ किलोमीटरला पण बोट वर राहत असेल तर लाटेत आरामात घरी येता येतं. ३० च्या खाली आली की मागे बसते आणि नाळ आभाळाकडे, अशी असेल तर तुमच्याकडे दोनच पर्याय, आपटत या किंवा नांगरत या. माझी पहिली बोट ३२ ला बसायची. मालक मात्र ६० जाते म्हणून सांगत होता, जायची पण, आरशावर.

मग बोट तिरकी घ्या, लाट नाळेच्या बाजूला. इथे कोण भिजतं ते बघा. कडेची पट्टी आणि तळावरचे उभे कंगोरे पाणी खाली दाबायला असतात, ते बुटके असले की वारा सगळं पाणी तुमच्या तोंडावर आणतो. मुंबईच्या हवेत भिजलं तर काय एवढं असं वाटतं, पण खारं पाणी डोळ्यात गेलं की समोरची जाळी आणि बोयरे, म्हणजे जाळ्यांवरचे तरंगते गोळे, दिसत नाहीत, आणि आपल्या खाडीत जाळी सगळीकडे आहेत.

पाठीमागून लाट घ्यायला विसरू नका, बहुतेक जण विसरतात कारण ते आरामाचं वाटतं. लाटेवरून खाली उतरताना नाक पुढच्या लाटेत घुसतंय का, मागची बाजू एकीकडे फिरायला बघतेय का, स्टिअरिंग सारखं सावरावं लागतंय का. असं होत असेल तर ते आपटण्यापेक्षा धोक्याचं.

शेवटी इंजिन बंद. लाटेला आडवी सोडून द्या, दहा मिनिटं. दोघं एकाच काठावर उभे राहा. गळ टाकायचा वेळ तर असाच जाणार आहे, आणि इथे सपाट तळाची बोट जिंकते हे पण मान्य करायला हवं. तळाखाली पाणी चपचप वाजतंय का ऐका, उथळात त्या आवाजाने मासा पळतो.

हे सगळं झाल्यावर बोट परत आणून पुन्हा एकदा बिल्ज, म्हणजे तळातली पाणी साचायची जागा, बघा. निघताना कोरडी होती ना? आता किती पाणी आहे?

७. कागद

आधी हे विचारा की बोट मासेमारीची म्हणून नोंदलेली आहे की हौशी. मासेमारीची असेल तर नोंदणी आणि परवाना मत्स्यव्यवसाय विभागाकडून, नोंदणीचं काम रियलक्राफ्ट पोर्टलवर चालतं. हौशी असेल तर महाराष्ट्र मेरिटाईम बोर्ड. एका खात्याचा कागद दुसऱ्या कामाला चालेल असं धरू नका, व्यवहाराआधी त्या ऑफिसला स्वतः जाऊन नाव बदलायला काय लागेल ते लिहून आणा.

बघायचे कागद:
- नोंदणी प्रमाणपत्र, मालकाच्या ओळखपत्राशी नाव जुळतं का
- बोटीवर रंगवलेला नंबर आणि कागदावरचा नंबर
- इंजिनाचं मूळ बिल, नंबरसकट
- विमा असेल तर पॉलिसी
- बँक किंवा मच्छीमार सोसायटीचं कर्ज नसल्याचा दाखला
- ट्रेलर असेल तर त्याचे आरटीओचे कागद
- विक्रीचा करार, दोन साक्षीदारांसह

कर्जाचा दाखला विसरू नका, मासेमारीच्या बोटींवर सोसायटीचं कर्ज असणं अगदी कॉमन आहे आणि विकणारा ते सांगेलच असं नाही. इंजिनाचा नंबर ब्रॅकेटवरच्या प्लेटवर असतो, पण बऱ्याच इंजिनांवर ब्लॉकवरच्या गोल चकतीवर पण कोरलेला असतो. दोन्ही जुळवा. प्लेट खरवडलेली असेल तर स्वस्त आहे म्हणून मोहात पडू नका, २६/११ नंतर सागरी पोलीस कागद नीट बघतात आणि प्रश्न तुम्हाला विचारले जातील.

८. कधी घ्यायची

१ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते, बोटी वर ओढून ताडपत्रीखाली जातात. मेच्या शेवटी भाव थोडे नरम पडतात कारण पावसाळ्यात बोट सांभाळायची कटकट कोणाला नको असते, आणि मेमध्ये वारा पण भरपूर, त्यामुळे ट्रायलला महिना उत्तम. जुलैमध्ये मात्र तुम्हाला ताडपत्री वर करून बोट दाखवतील, भाव आणखी कमी सांगतील आणि म्हणतील ट्रायल नारळी पुनवेनंतर घ्या, आत्ता फक्त अर्धे पैसे द्या. मला दोनदा असं सांगितलं गेलं. दोन्ही वेळा मी म्हणालो, पुनवेनंतरच्या तृतीयेला दुपारी अडीचला येतो, पैसे घेऊनच येतो. एकाचा फोन नंतर लागलाच नाही. दुसऱ्याची बोट आता माझ्याकडे आहे, १८ फूट, १४ अंश, आणि ताशी २१ ला पण पाण्यावर राहते.